पाठ केलेले वडील

पेनाचं टोपण तिने काढलं, लावलं, पुन्हा काढलं. शेजारच्या बाकावरच्या तरुणाने मान वळवून पाहिलं तशी ती ओशाळली आणि टोपण मुठीत घट्ट धरून बसली. एम.ए. इंग्रजीच्या प्रवेशपरीक्षेतला कवितेवरचा प्रश्न तिने कसाबसा ओढून नेला होता. आधी मनातल्या मनात आपल्या भाषेत उत्तर जुळवायचं, मग एकेक वाक्य उचलून इंग्रजीच्या घरात नेऊन ठेवायचं, आणि नेता नेता निम्मं वाटेत सांडायचं. शेजारचा तरुण मात्र नळ सोडल्यासारखा लिहीत होता. त्याला कुठूनही काही आणावं लागत नसावं.

शेवटचा प्रश्न उरला होता. वाचनाची एखादी अशी आठवण लिहा, जिने तुम्हाला वाचक म्हणून घडवलं.

प्रश्न सोपा होता, हेच वाईट होतं. अवघड प्रश्नापुढे माणूस हरला तर निदान प्रश्नाला दोष देता येतो. तिने आठवून पाहिलं. आठवत होतं ते सगळं घरच्या बोलीत होतं आणि इंग्रजीत न्यायला गेलं की अंग चोरत होतं. तेवढ्यात पर्यवेक्षक बाईंनी वेळ संपत आल्याचं मोठ्याने सांगितलं. डोकं बाजूला राहिलं नि हातच पुढे झाला. न अडखळता, एकही खाडाखोड न करता तो लिहीत सुटला. संध्याकाळी कामावरून आल्यावर माझे वडील खिडकीपाशी बसून पुस्तक उघडत असत...

पान भरल्यावर तिला कळलं, हाताने काय केलंय ते.

हा तोच उतारा होता, जो ती वर्षानुवर्षं शिकवणीच्या मुलांना सांगून लिहून घेत आली होती. 'माझे वडील', 'माझा छंद', 'न विसरता येणारी संध्याकाळ', निबंध कुठलाही येवो, हा उतारा त्यात चपखल बसायचा. मुलं तो घोकायची, मार्क मिळवायची, आणि त्यांचे आईबाप जिन्यात भेटले की म्हणायचे, 'बाई, तुमच्यामुळे पोरगं इंग्रजीत तरलं.' आपलाच तर उतारा, आपणच लिहिला तर ती चोरी कशी होईल, असं तिने स्वतःला समजावलं. पण तापलेले कान काही निवले नाहीत.

उत्तरपत्रिका देण्यासाठी उठताना तिला पहिल्या रांगेत एक ओळखीची वेणी दिसली, आणि ती तशीच मटकन खाली बसली. आगगाडी! शिकवणीत त्या मुलीचं हेच नाव पडलं होतं. पाठांतर म्हणायला उभी राहिली की मधलं एकही स्टेशन घ्यायची नाही. पोरगी पदवीधर होऊन याच परीक्षेला येण्याइतकी मोठी झाली होती तर. आपल्या बाईंनी आपल्याच बरोबरीने बसून परीक्षा द्यावी, हे त्या मुलीने पाहू नये म्हणून ती हॉल रिकामा होईपर्यंत बाकाखाली काहीतरी शोधत राहिली.

*

निकालाच्या आधी विद्यापीठाच्या इंग्रजी विभागातून फोन आला. उत्तरपत्रिकेबद्दल थोडं विचारायचं आहे, प्रत्यक्ष या.

"घाबरतेस काय एवढी?" मावशी म्हणाली. "रोज पोरांना घाबरवतेस, आज तुझी पाळी. जा, तोंडबिंड धुऊन नीट जा."

मावशी म्हणजे तिची सावत्र आई. आई गेल्यावर वर्षाच्या आत वडिलांनी हिला घरात आणलं. तिला 'आई' म्हणायला जीभ वळेना, म्हणून मावशी. पुढे वडीलही गेले आणि या दोघीच उरल्या. बाहेरच्या खोलीत एकीची शिकवणी, आतल्या खोलीत दुसरीचं काजबटण. शिंप्याकडून शर्टांचे गठ्ठे येत, मावशी काज करून बटणं लावून ते परत पाठवी. परीक्षेचं खूळही मावशीचंच. "आयुष्यभर फळ्याकडे पाठ करून उभी राहिलीस," ती म्हणाली होती. "एकदा तोंड करून बस की." ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं होतं, कारण ते खरं होतं. तिने पदवी घरी बसून मिळवली होती, कॉलेजची पायरी फक्त परीक्षेपुरती चढली होती. आपण बाकावर बसलोय आणि कुणीतरी आपल्याला शिकवतंय, एवढंच तिला एकदा हवं होतं. कुणी 'तुम्ही कुठल्या कॉलेजच्या?' असं विचारलं की ती घाईघाईने चहा टाकायला उठायची.

विभागाच्या लांबलचक बोळात एक बाक होता, आणि बाकावर आगगाडी बसली होती.

"टीचर!" ती ताडकन उठली. "तुम्ही इथे कशा?"

"तू कशी, तशीच मी."

मुलीला समजायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा असा झाला, जसा मोठ्या माणसाला पाय घसरून पडताना पाहिल्यावर होतो. हसायचं की हात द्यायचा, कळत नाही.

"म्हणजे तुम्हीपण तोच..."

"हो. तोच."

दोघी बाकावर बसल्या. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

"मी ठरवलं होतं वेगळं लिहायचं," आगगाडी हळूच म्हणाली. "आईशप्पथ, टीचर. पण प्रश्न बघितला आणि सगळं इंग्रजी उडालं. तुमचे बाबा तेवढे राहिले."

"माझंही तसंच झालं," असं टीचरच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या नुसत्या मान हलवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या.

"आत विचारलं तर काय सांगू?"

"खरं सांग."

"खरं सांगितलं तर तुमचं नाव येईल."

तेवढ्यात दार उघडलं आणि मुलीला आत बोलावलं. ती लवकरच बाहेर आली. डोळे लाल, पण मान ताठ. जाता जाता तिने टीचरकडे पाहून, परीक्षेत शेजारणीला करतात तशी, बारीकशी खूण केली. त्या खुणेचा अर्थ आत गेल्यावर लागला.

*

टेबलापलीकडे विभागप्रमुख बाई होत्या आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या भुवयांचे एक म्हातारे प्राध्यापक. टेबलावर दोन उत्तरपत्रिका एकमेकींशेजारी उघडून ठेवलेल्या. जुळ्या बहिणींना उभं करावं तशा.

"आत्ता गेलेल्या मुलीने कबूल केलं की तिने हे एका गाईडमधून पाठ केलंय," विभागप्रमुख इंग्रजीत म्हणाल्या. "गाईडचं नाव आठवत नाही म्हणते. तुम्हाला आठवतंय?"

तिने दाराकडे पाहिलं. दार बंद होतं.

"उताऱ्यातले हे गृहस्थ आमच्याकडे बरीच वर्षं येताहेत," म्हातारे प्राध्यापक म्हणाले. "दरवर्षी नाही, पण येतात. पहिल्यांदा आले तेव्हा त्या मुलाला मी स्वतः भरभरून गुण दिले. दुसऱ्यांदा आले, वाटलं, त्याची बहीण असेल. पुढच्या खेपेला मी गाईडांची सगळी दुकानं पालथी घातली. आता यांची तब्येत कशी आहे, एवढंच विचारायचं राहिलंय." ते स्वतःशीच हसले. विभागप्रमुख हसल्या नाहीत.

"गाईड नाही, सर," ती म्हणाली. "माझं आहे ते."

"तुमचं?" विभागप्रमुखांनी पान उलटून कवितेचं उत्तर वर आणलं. सगळीकडे लाल रेघा. मग पुन्हा उतारा वर आणला. त्यावर एकही नव्हती. "ही दोन्ही पानं एकाच व्यक्तीची वाटत नाहीत, बाई. खरं सांगायचं तर तुम्ही मूळ लेखिका आहात यापेक्षा, तुम्ही पाठ केलंय, हे पटायला सोपं आहे."

त्या एका पानावर आपण किती वर्षं बसलो होतो, शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक शब्द कसा घासूनपुसून बसवला होता, दरवर्षी नव्या मुलांना सांगताना एखादा टवका कसा उडवला होता, हे तिला सांगायचं होतं. इंग्रजीत जुळवता जुळवता त्याचं 'येस मॅडम' एवढंच झालं.

"आपल्या भाषेत बोला," प्राध्यापक म्हणाले. "आता काही परीक्षा नाही."

ते प्रेमाने म्हणाले होते. तरी बुटक्या मुलापुढे कुणी स्टूल सरकवावं तसं तिला झालं.

"मला एकच विचारायचंय," प्राध्यापकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "यात एक वाक्य आहे. वाचता वाचता वडील मध्येच थांबतात. वाक्य अर्धं सोडून. मुलगी श्वास रोखून वाट बघते आणि मग ते पुढे वाचतात. का थांबतात, ते कुठेच लिहिलेलं नाही. सगळ्या उताऱ्यात मला आवडलेली जागा तीच. एका वर्षी एका पठ्ठ्याने पदरचा खोकला घातला. आत्ताच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, दुःखाने थांबतात. तुम्ही लिहिलं असेल तर तुम्ही सांगा. का थांबायचे?"

"दोरा तोडायला," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं.

"दोरा?"

"बटण लावून झालं की दोरा दातांनी तोडतात, सर. तोंडात दोरा असताना वाचता येत नाही. तो तुटेपर्यंत गोष्ट थांबायची."

"तुमचे वडील शिंपी होते?"

"नाही." तिने हातातला रुमाल उलगडला, पुन्हा घडी घातली. "वडील वाचत नसत. कामावरून यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. वाचायची ती मावशी. सावत्र आई माझी. बटणांच्या डब्याला पुस्तक टेकवून ठेवायची आणि काम करता करता वाचायची."

प्राध्यापकांनी उताऱ्यातली ती ओळ बोटाने पुन्हा शोधली.

"मग वडील का लिहिलंत?" विभागप्रमुखांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजाची धार गेली होती, आणि ते सोसणं जास्त कठीण होतं.

"निबंधात वडील शोभून दिसतात, मॅडम."

ते उत्तर पुरणार नाही हे तिलाही ठाऊक होतं.

"आई जाऊन वर्षही झालं नव्हतं," ती रुमालाकडे बघत म्हणाली. "मावशीने पुस्तक उघडलं की मी तिच्याकडे पाठ फिरवून बसायचे. ऐकायचं सगळं, पण बघायचं नाही. आवडतंय हे तिला कळू द्यायचं नाही. मोठी झाले, हे लिहायला बसले, तेव्हाही तशीच बसले बहुतेक."

प्राध्यापकांनी उत्तरपत्रिका मिटली. विभागप्रमुख त्यांच्याशी हलक्या आवाजात काही बोलल्या.

"त्या मुलीचा यात दोष नाही," ती मध्येच म्हणाली. "गाईडबिईड काही नाही. मी शिकवलं तेच तिने केलं. मला वाचवायला खोटं बोलली ती."

"ते आमच्या लक्षात आलं," विभागप्रमुख म्हणाल्या. "तिला कोरा कागद देऊ. इथेच बसून पुन्हा लिहू दे. तुमचं मात्र... हा उतारा इतक्या मुलांच्या हातात तुम्हीच दिलात. सगळं ऐकल्यावरही मला यंदा तुम्हाला घेता येणार नाही."

"हो, हो. बरोबर आहे," ती घाईने म्हणाली. दुकानात किंमत ऐकल्यावर माणूस वस्तू जशी लगेच जागच्या जागी ठेवतो, तसं.

ती दारापाशी पोचल्यावर म्हातारे प्राध्यापक म्हणाले, "पुढच्या वर्षी या. वडिलांना घरी ठेवून या."

बाहेर आगगाडी उभीच होती.

"टीचर, मी गाईडचं सांगितलं. चाललं ना?"

"आत जा. कोरा कागद देतील. पुन्हा लिहायचं."

मुलीचा चेहरा उजळला आणि तितक्यातच पडला. "पण लिहू काय? मला तेवढंच तर येतं."

इतक्या वर्षांत शिकवणीच्या कामाचा असा हिशेब तिच्यापुढे कुणी मांडला नव्हता. तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, मग आपला तो हक्क आहे की नाही असं वाटून काढून घेतला.

"तुझ्या घरी कोण वाचतं?"

"कोणीच नाही."

"मग तेच लिही."

"कोणीच वाचत नाही, हे? इंग्रजीत?"

"येईल तसं. मोडकंतोडकं. अडलीस तर अड, पण पुढे जा."

आगगाडी आत गेली. या खेपेला तिने दार उघडण्याआधी चांगला वेळ घेतला.

*

ती घरी आली तेव्हा मावशी खिडकीपाशी शर्टांच्या ढिगात बसली होती.

"काय म्हणाले?"

"यंदा नाही."

मावशीने वर पाहिलं नाही. तिला वाईट वाटलं की ती वर बघत नसे. "का गं?"

"तो एक उतारा आहे ना, मुलांकडून पाठ करून घेते तो. मीही तोच लिहून बसले. मुलांच्या पेपरातही तोच. त्यांना दिसलं."

"कुठला? तुझ्या बाबांचा?"

ती पाण्याचा पेला तोंडाला लावणार होती, तो तसाच हातात राहिला. उतारा इंग्रजीत होता. मावशीला इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं, आणि याच भरवशावर ती आतापर्यंत दार उघडं ठेवून शिकवत आली होती.

"बाबांचा आहे, हे तुला काय माहीत?"

"घ्या! मी काय कानात बोळे घालून बसत होते आत? पोरं रोज कोकलायची. ती तुझी आगगाडी पाणी प्यायला यायची आत. एकदा विचारलं तिला, बाई गं, काय एवढं घोकता, मंत्र आहे का कसला? तिने सांगितलं सगळं. वडील वाचतात, मुलगी ऐकते. छान सांगितलं पोरीने."

"कधी?"

"झाली की वर्षं."

ती पेला ठेवून खाली बसली. बोळातल्या बाकावर, त्या टेबलासमोर, कुठेच तिचं तोंड असं कोरडं पडलं नव्हतं.

"मावशी, ते मी..."

"मग तिच्या आईने मला जिन्यात गाठलं," मावशी बोलतच होती. "म्हणे, बाईंचे वडील फार वाचायचे म्हणे? मी म्हटलं, हो तर. रोज वाचायचे. एक दिवस चुकवला नाही."

"तू असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? तुला खोटी पाडू? लोकांची पोरं येतात तुझ्याकडे शिकायला." सुई वर आली, खाली गेली. "आवाजसुद्धा फार गोड होता म्हटलं."

"बाबांचा?"

"बाबांचा!" मावशीला हसू आवरेना. "आयुष्यात त्या माणसाचे दोन शब्द धड ऐकले नाहीत मी. पण म्हटलं, सांगायचंच आहे तर हात आखडता कशाला घ्यायचा? मग काय, जो तो विचारायला लागला. दुकानदार, खालच्या मजल्यावरची म्हातारी, तो शिंपीसुद्धा. सगळ्यांना सांगितलं. सांगून सांगून अशी सवय झाली की कधी कधी मलाही ऐकू यायचं त्यांचं वाचन."

हसता हसता ती थांबली आणि तिने हातातला शर्ट उजेडात धरून पाहिला.

"पुढच्या वर्षी मी खरं लिहीन," ती मावशीला म्हणाली. इतकं बोलायलाही तिला बळ गोळा करावं लागलं. "तुझं लिहीन."

"नको."

"का?"

"नको म्हटलं ना. सगळ्या गल्लीत सांगत फिरलेय मी. आता या वयात मला खोटी पाडतेस का?" मग जरा वेळाने, आवाज उतरवून, "आणि त्या माणसाच्या नावावर दुसरं आहे काय गं चांगलं? तेवढं एक असू दे."

तिने मान हलवली. तयार झालेल्या शर्टांतला एक उचलून मांडीवर घेतला आणि घडी घालायला लागली. बाही आत, मग दुसरी बाही.

"तिथे काही विचारलं नाही ना त्यांच्याबद्दल?" मावशीने विचारलं. "म्हणजे, खोलात जाऊन?"

घडी वाकडी पडली होती. तिने ती मोडली, शर्ट झटकला आणि पहिल्यापासून घालायला घेतली.

"नाही," ती म्हणाली. "बाबांबद्दल कशाला विचारतील कुणी?"

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली, आणि तिने पुढचं बटण घेतलं.